कुत्रा आणण्यापूर्वी घराचे वेळापत्रक तपासा

घरी कुत्रा आणायचा विचार सुरू झाला की बहुतेक कुटुंबांत पहिली चर्चा जातीची होते: लॅब्रॅडॉर घ्यावा की बीगल, नर की मादी, नाव काय ठेवायचे. माझ्या मते ही चर्चा सर्वांत शेवटी व्हायला हवी. तिच्याआधी घरातील प्रत्येकाच्या दिवसाचे वेळापत्रक कागदावर मांडावे आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात घरात खरोखर कोण असते, हे पाहावे. कुत्रा साधारणपणे १० ते १३ वर्षे जगतो. आज पाचवीत असलेली मुलगी तोपर्यंत पदवी घेऊन कदाचित परगावी गेलेली असेल आणि आज त्याला हौसेने फिरवणाऱ्या आजोबांना जिना उतरणेही अवघड झालेले असेल. त्यामुळे मुलांचा हट्ट हे कुत्रा आणण्याचे पुरेसे कारण ठरत नाही.

पहिले काही महिने सर्वांत कठीण असतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू करायला न्यावे लागते, आणि रात्रीही निदान एकदा उठावे लागते. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांवरील लसीचे डोस साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. हे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इतर कुत्री फिरतात अशा जमिनीवर सोडू नये, कारण पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे, आणि त्यामागे कारण आहे: चावा किती जोराचा घ्यावा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांशी खेळताना शिकते. म्हणून एखादा विक्रेता महिन्याचे पिल्लू हातात देऊ लागला, तर ते कितीही गोंडस असले तरी तेथून निघून यावे.

जातीविषयी मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तेथे सैबेरियाच्या थंडीसाठी घडलेला, दुहेरी केसांचा हस्की आणून त्याला दिवसभर वातानुकूलित खोलीत ठेवणे, हे त्या प्राण्यावर अन्याय करणे आहे. चपट्या नाकाच्या पगला तर धाप टाकणेच अवघड जाते, आणि तरीही एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे तो आपल्याकडे घरोघरी पोहोचला. देशी जातीचा असला म्हणजे कुत्रा कोणत्याही घराला चालतो, असेही नाही. मराठवाड्यात शिकारीसाठी पाळला जाणारा कारवान उन्हाला काटक असतो, पण त्याला रोज मोकळ्या रानात धावू द्यावे लागते; दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो सुखी राहणार नाही.

म्हणूनच पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांना मी प्राणी निवाऱ्यातील मोठा झालेला गावठी कुत्रा घ्यावा असे सुचवीन. तो आपल्या हवामानाला सरावलेला असतो, शिवाय तो लहान मुलांशी कसा वागतो, एकटा राहतो का, इतर कुत्र्यांना पाहून बिथरतो का, हे आधीच पाहता येते. पिल्लाच्या बाबतीत या साऱ्याचा केवळ अंदाज बांधावा लागतो.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही लिफ्टमध्ये कुत्रा पाहून घाबरणाऱ्या शेजाऱ्याची भीती खरी असते, आणि पट्टा लावणे, शी उचलणे, महापालिकेचा परवाना काढणे ही आपलीच कामे आहेत. खर्चाचा हिशेब करताना खाण्यापेक्षा उपचारांचा विचार अधिक करावा. पावसाळ्यात गोचिडांपासून होणारा ताप वेळीच ओळखला नाही तर रक्तातील प्लेटलेट घटतात आणि उपचार लांबतात.

गावी लग्नाला किंवा परदेशी मुलाकडे जाताना कुत्र्याला कोण सांभाळणार, हेही पिल्लू पाहायला जाण्यापूर्वीच नावानिशी ठरवावे. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला त्यात ५० रुपयांपर्यंतच दंड सांगितला आहे, त्यामुळे कायद्याचा धाक कोणाला फारसा वाटत नाही. शंका असेल तर ऐन जुलैत महिनाभर रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला घरातील कोणीतरी अर्धा तास चालून यावे, आणि जवळच्या निवाऱ्यात परवानगी मिळाली तर रविवारी तेथील कुत्र्यांना फिरवावे. महिन्याअखेरीस हे काम कोणाच्या अंगावर पडले आहे, हे घरातील सर्वांना कळेल. त्या व्यक्तीची तयारी असेल तरच निवाऱ्यात अर्ज भरावा.