लग्नाआधीचं नॉमिनेशन

कामावर असताना वारलेल्या माणसाच्या पीएफचा दावा भरणं हे आमच्या पर्सोनेल खात्यातलं सगळ्यांत नकोसं काम. कागदांचं काही नाही, ते जमतात. समोरची माणसं एकतर रडत असतात, नाहीतर भांडत.

सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात प्रेस शॉपचा एक ऑपरेटर असाच अचानक गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. तेरावं उरकल्यावर सगळ्यांत आधी आला तो त्याचा थोरला भाऊ, सिन्नरकडच्या गावाहून, आईला बरोबर घेऊन. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने फॉर्म 2 ची, म्हणजे नॉमिनेशनच्या फॉर्मची, झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. नॉमिनी म्हणून आईचं नाव, वाटा शंभर टक्के, खाली मुलाची सही आणि आमच्याच कंपनीचा गोल शिक्का.

"मॅडम, तिच्या सहीचा काही संबंध येत नाही ना मग?" तिच्या म्हणजे भावजयीच्या. आई खुर्चीच्या कडेवर बसून पदराचं टोक पिळत होती.

मी फॉर्मवरची तारीख बघितली, मग त्याच्या फाइलीतली लग्नाची तारीख. फॉर्म नोकरीला लागतानाचा, लग्न नंतरचं. 1952 च्या पीएफ योजनेत स्वच्छ लिहिलंय : सभासदाचं लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन आपोआप रद्द, नवं भरायचं. ते त्याने भरलं नव्हतं. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन करा, अशी सूचना आमच्या नोटीस बोर्डावर कायम असते, पण ती वाचतो कोण! शंभर टक्के लिहिलेला तो कागद म्हणजे आता रद्दी होती.

हे दोन्ही घरांना वेगवेगळं सांगितलं असतं तर दोघांनी आपल्याला हवं तेवढंच ऐकलं असतं. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं. बायको तिच्या भावाला घेऊन आली. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत.

नॉमिनेशन नसेल तर पीएफची रक्कम कुटुंबात समान वाटली जाते. कुटुंबात बायको येते, मुलं येतात आणि सभासदावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. वडील आधीच वारलेले, आईला तो दर महिन्याला पैसे पाठवायचा. म्हणजे चार वाटे. अज्ञान मुलांचे दोन वाटे त्यांची आई पालक म्हणून घेणार. बायकोचा भाऊ उसळला, "म्हणजे म्हातारीला पण?" थोरला त्याच्याहून वर, "म्हणजे फक्त चौथाई?" मला विचाराल तर नियम शहाणा आहे. त्यात ना बायको उघड्यावर पडते, ना आई.

खात्यात चार लाखांच्या वर रक्कम होती आणि एवढा वेळ सगळे तेवढ्यावरच भांडत होते. पीएफबरोबर विमा असतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. ईडीएलआय म्हणतात त्याला. कामगाराच्या पगारातून त्याचा एक पैसा कापत नाहीत, हप्ता मालकच भरतो, म्हणून पगाराच्या स्लिपवर तो दिसतही नाही. पंधरा हजारांची पगारमर्यादा धरून पस्तीस पट, म्हणजे सव्वापाच लाख. त्यावर खात्यातल्या सरासरी शिलकेच्या निम्मे, पण जास्तीत जास्त पावणेदोन लाख. याच्या बाबतीत बेरीज बरोबर कमाल मर्यादेवर आली, सात लाख. वाटे तसेच, चार.

पीएफबरोबरच्या पेन्शनचं मात्र वेगळं. तिथे कुटुंब म्हणजे बायको आणि मुलं. विधवेला दरमहा किमान हजार रुपये, दोन मुलांना तिच्या पेन्शनच्या पाव-पाव, वयाच्या पंचविशीपर्यंत. एरवी पेन्शनला असते ती दहा वर्षं नोकरीची अट इथे नसते. आईला यात काही नाही, हे सांगताना मी थोरल्याकडे न बघता आईकडे बघून सांगितलं. ती म्हणाली, "लेकरांना मिळतंय ना, मग झालं." थोरला गप्प झाला.

पुढे अडलं ते भलत्याच ठिकाणी. बायकोच्या आधारवर अजून माहेरचं नाव, मृत्यूच्या दाखल्यावर सासरचं. ग्रामपंचायतीतून लग्नाचा दाखला काढा, आधार दुरुस्त करा, मग बँकेत केवायसी करा, यातच बरेच दिवस गेले. तोवर पीएफ, विमा आणि पेन्शनच्या दाव्यांचे फॉर्म 20, 5आयएफ आणि 10डी मी भरून ठेवले होते.

मधे एकदा आई एकटीच आली, एसटीने. तिचं बँकेतलं खातं थोरल्याबरोबर जोडलेलं होतं. "ताई, नवं काढलं तर चालंल का? माझ्या एकटीच्या नावावर?"

म्हटलं, नुसतं चालेल कशाला, दाव्याला तेच बरं. नव्या पासबुकाची झेरॉक्स तिने पुढच्या खेपेला आणून दिली.

पैसे जमा झाल्यावर थोरल्याचा फोन आला. आईचे पैसे कुठल्या बँकेत गेले, खातं नंबर काय.

मी म्हटलं, आईला विचारा.