दोनपर्यंत मोज

परवा दुपारी नेट गेलं आणि स्क्रीनवर क्रोम ब्राउझरच्या गेममधला तो डायनासोर येऊन उभा राहिला. खरं तर उठून दुसरं काहीतरी काम करायचं, पण बोट आपोआप स्पेसबारवर जातं त्याला मी काय करू. पहिला निवडुंग ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसऱ्यावर जाऊन धाडकन आदळले आणि खुर्चीमागून भाच्याचा आवाज, "मावशी, उडी मारायची ना!"

अच्छा. मला वाटलं निवडुंगाला मिठी मारायची असते.

टीपचं हे असंच, मेल्याशिवाय येतच नाही. आणि देणाऱ्याच्या आवाजात एक दुःख असतं, जणू आपण त्याचा डायनासोर उसना घेऊन मारला. मग त्याने मला शिकवायलाच घेतलं, पक्षी आला की खालचा बाण दाबून वाक, आणि हवेत असताना खालचा बाण दाबला तर डायनासोर पटकन जमिनीवर येतो. हे शेवटचं मला २०१४ पासून, म्हणजे हा गेम आल्यापासून, माहीत नव्हतं. उपयोगी निघालं याचा जास्त राग आला. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय की हा गेम साधारण १ कोटी ७० लाख वर्षं चालेल असा बनवलाय, खरे टी-रेक्स जेवढा काळ पृथ्वीवर होते तेवढा. माझा चारशेच्या आसपास नामशेष होतो. उल्का वगैरे काही लागत नाही, एक झुडूप पुरतं.

फुकटच्या गेमबद्दल माणसं जे बोलतात ना, ते मला गेमपेक्षा जास्त आवडतं. "अत्यंत फालतू गेम, लेव्हल ८७ नंतर हँग होतो." अरे, पण तू सत्याऐंशीपर्यंत गेलास कशाला? "खूप बोअर आहे, सहा महिने खेळतोय" हे कुकी क्लिकरबद्दल कोणीही म्हणू शकतं, तिथे बिस्किटावर क्लिक करायचं म्हणजे अजून बिस्किटं मिळतात आणि त्या बिस्किटांतून अजून बिस्किटं बनवणारं काहीतरी घ्यायचं, बास, एवढंच. जो गेम आवडला नाही त्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, तो टॅब बंद करून निघून जातो. शिव्या घालणारा उद्या परत येणार असतो.

माझा स्वतःचा अभिप्राय कायम ठरलेला आहे, कीबोर्ड अडकतो. नवीन कीबोर्ड घेतला तरी अडकतो, आणि फक्त मी हरताना.

२०४८ नावाच्या गेममध्ये, जिथे बाणांनी ठोकळे सरकवून सारखे आकडे जोडायचे असतात, तर कीबोर्डवर ढकलायचीही सोय नाही. तो एका एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने, गाब्रिएले चिरुलीने, एका वीकेंडला बसून बनवला आणि नंतर जगाचे किती वीकेंड गेले त्याचा हिशोब कोणी मांडू नये. त्यातली टीप जो तो देतो, मोठा आकडा एका कोपऱ्यात धर आणि वरचा बाण कधीच दाबू नकोस. कधीच म्हणजे कधीच नाही. मग एक वेळ अशी येते की डावीकडे काही हलत नाही, उजवीकडे हलत नाही, खाली हलत नाही आणि जगात फक्त वरचा बाण उरतो. तेव्हा काय करायचं ते टीप देणारा सांगत नाही, तो तोपर्यंत पाणी प्यायला गेलेला असतो. आपण डोळे मिटून वर दाबतो, लगेच खाली दाबतो, पण मधल्या क्षणात कोपऱ्यात एक दोन येऊन बसलेला असतो. क्वचित चार येतो. नवीन ठोकळा दहातल्या नऊ वेळा दोनच येतो हे मला माहितीये, तरी गेम मुद्दाम करतो यावर मी ठाम आहे.

पण मागे उभं राहून टीप देण्यात दादाचा हात कोणी धरू शकणार नाही. एकच कॉम्प्युटर, आणि नियम असा की मेलं की दुसऱ्याचा चान्स. क्वॉप हा पळायचा गेम आला तेव्हा, २००८ च्या पुढेमागे, क्यू आणि डब्ल्यू मांड्यांना, ओ आणि पी पोटऱ्यांना, आणि पळायचे फक्त शंभर मीटर. माझा धावपटू दीड मीटरवर कपाळावर पडायचा. दादा म्हणाला, पळू नकोस, एक गुडघा टेक आणि घासत जा. घासत गेले. अर्धा तास घासत होते, मधे त्या हर्डलला धडकून तो अडथळाच पायाने पुढे ढकलत नेला, लाज वाटत होती पण पोचले.

अजून एक होता, नाव आठवत नाही, निळा चेंडू आणि वरून आपटणारे दरवाजे. तिसऱ्या दरवाज्यापाशी मी कायम चिरडली जायचे. दादा मागून सांगायचा, "थांब, दोनपर्यंत मोज, मग जा." मी मोजायचे. एक, दोन, फट्. "घाई केलीस," दादा म्हणायचा आणि खुर्चीत बसायचा. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश, म्हणजे ज्यावर ब्राउझरमधले हे जुने गेम चालायचे ते सॉफ्टवेअर, बंद झालं तेव्हा बाकी कशाचं नाही, त्या दरवाज्याचं वाईट वाटलं. जुने फ्लॅश गेम लोकांनी हजारोंनी जपून ठेवलेत, पण शोधायला नाव तर हवं.

तर नेट नव्हतं म्हणून फोनवरून दादालाच मेसेज टाकला, तो निळ्या चेंडूचा गेम कुठला रे. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"नाव नाही आठवत गं. पण तिथे तीनपर्यंत मोजायचं होतं. तुला मी दोन सांगायचो."

मी फोन पालथा ठेवला. नेट आलं होतं, पण डायनासोर अजून पळत होता, पक्षी आला, भाचा म्हणाला "मावशी, आत्ता उडी मार, आत्ता!" मी मारली आणि सरळ पक्ष्यावर गेले.

वळून त्याच्याकडे जरा नीट बघितलं.

"मेलीस ना," तो म्हणाला, "उठ आता, माझा चान्स."