गियरची गाडी, चाळिशीनंतर

पुण्यात बाईने गाडी चालवणं ही काही बातमी नाही. फिरोदियांची लुना १९७२ साली आली, माझी आई तिच्यावरूनच शाळेत शिकवायला जायची. मी कॉलेजपासून बिनागियरच्या स्कूटरवर. पण मोटारसायकल म्हटली की आमच्यासारख्या घरात बाईची जागा आपोआप मागच्या सीटवर जाते. नवऱ्याची बुलेट पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असायची आणि मी तिच्या शेजारून ॲक्टिव्हा काढायचे.

शिकायचं ठरवलं, तर शिकवणारं कोणी सापडेना. ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणायचे, "मॅडम, कार शिका ना." नवऱ्याकडून शिकायला गेले की दोन मिनिटांत आवाज चढायचे, मग तो नाद सोडला. उर्वशी पाटोळे यांनी २०११ साली सुरू केलेल्या 'बाइकर्नी' या बायकांच्या मोटारसायकल क्लबबद्दल ऐकून होते, पण एवढ्या मोठ्या नावाकडे जायला संकोच वाटला. शेवटी ऑफिसमधल्या एकीने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. साताठ बायका, आणि म्होरक्या माई. साठी ओलांडलेल्या, बँकेतून निवृत्त.

पहिल्या रविवारी माईंनी गाडी चालवायला दिलीच नाही. मैदानात बुलेट चक्क आडवी केली आणि म्हणाल्या, "उचल." एकशे पंच्याण्णव किलोच्या आसपास वजन, म्हणजे माझ्या तिपटीहून जास्त. मी समोरून हँडल धरून ओढायला लागले. "अगं, कंबर मोडून घेशील. पाठ कर तिच्याकडे." मग त्यांनी रीतसर दाखवलं. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली पाडून ठेवायचा, नाहीतर उभी करता करता पलीकडे कोसळते. गियर टाकायचा म्हणजे चाक घरंगळत नाही. हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ टेकून खाली बसायचं, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. जोर मांड्यांचा, हातांचा नाही. गाडी उभी राहिली! माझी अर्धी भीती तिथेच गेली, कारण ती चालवण्याची नव्हतीच. पडली तर कोणाला तरी हाक मारावी लागेल, याची होती.

लायसन्सचं फार सांगण्यासारखं नाही. स्कूटरचं होतंच, त्यात गियरचा वर्ग वाढवायचा होता. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, शिकाऊ लायसन्स, मग किमान तीस दिवस थांबून चाचणी. त्या दिवसांत लाल 'एल' लावून सोसायटीत फिरताना वॉचमनकाकांपासून सगळ्यांनी सल्ले दिले. चाचणीत पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढायचा असतो. क्लच अर्धाच दाबलेला, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, आणि नजर पुढच्या वळणावर. चाकाकडे बघितलं की पाय खाली आलाच म्हणून समजा.

खरं शिक्षण ताम्हिणी घाटात, ग्रुपच्या राइडवर झालं. नवीन बाई सगळ्यात पुढच्या गाडीच्या लगेच मागे, सगळ्यात शेवटी माई. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे. वळणावर एकेरी रांग. उतारावर क्लच दाबून गाडी सोडायची नाही, खालच्या गियरमध्ये इंजिनलाच वेग धरू द्यायचा. मुळशीच्या पुढे एका वळणावर मागचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. माईंनी आरशातून बघून हाताने त्याला थोपवलं आणि आम्ही निवांत वळलो.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या राइडमध्ये कोणी विचारात घेत नसेल. या बायकांकडे स्वच्छ बाथरूम असलेल्या पेट्रोल पंपांची यादी आहे. कुठे कडी नाही, कुठे पाणी नाही, कुठे किल्ली मागावी लागते, सगळं नोंदलेलं. थांबे त्यावरून ठरतात, त्यामुळे कोणी पाणी प्यायचं टाळत नाही. पाळी आलेलीही घरी बसत नाही.

गुढीपाडव्याला गिरगावात नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेटवर निघणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. मला आवडतात. पण मला ती गाडी मंगळवारी हिंजवडीला न्यायची होती, ऑफिसची बॅग लावून. आता नेते. अडचण एवढीच की माझ्या मापाचं रायडिंग जॅकेट मिळत नाही. पुरुषांचं स्मॉल घेतलं तर बाह्या बोटांपर्यंत येतात आणि कोपराचं पॅड मनगटाकडे सरकतं. ग्रुपमधल्या एकीचा टेलर ते उसवून पॅडसकट वर घेऊन देतो म्हणे. या शनिवारी तिकडे जायचंय.