रत्नागिरीचे 1122

गेल्या महिन्यात पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागला. गुणपत्रिकेवर मुख्य विषय अर्थशास्त्र आहे आणि त्याखाली 'मायनर : लोकसंख्या अभ्यास' अशी एक ओळ आहे. पेढे द्यायला गेले तेव्हा शेजारच्या काकांनी ती ओळ वाचून "म्हणजे कुटुंबनियोजनाचा कोर्स ना?" असे विचारले. तीन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता उत्तर न देता मी पेढ्यांचा पुडा पुढे करते.

हा विषय मी फार विचार करून निवडला होता असे नाही. घरी परतण्याची शेवटची एसटी चुकणार नाही अशा वेळी ज्याचे तास होते, असे दोनच मायनर होते आणि त्यांतला हा एक होता. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो, शेवटी चौघे उरलो. मधले एक सत्र तर शिकवायला कोणीच नव्हते आणि आम्ही आधीच्या तुकडीच्या टिपणांवर परीक्षा दिली. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण त्यानंतर आलेल्या बाईंनी ती सगळी कसर भरून काढली.

बाईंनी पहिल्याच तासाला फळ्यावर 1122 हा आकडा लिहिला. तो आम्हा सर्वांना पाठ होता. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, राज्याचे प्रमाण मात्र 929 होते, आणि शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेत 'महाराष्ट्रात सर्वाधिक लिंगगुणोत्तर कोणत्या जिल्ह्याचे?' या प्रश्नावर आम्ही छाती फुगवून हात वर करत असू. कोकणात मुलींना मान आहे, असा त्याचा अर्थ गुरुजीही सांगत. बाईंनी त्या आकड्याखाली दुसरा लिहिला : 936. हे त्याच जनगणनेतले, त्याच जिल्ह्यातले, सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचे प्रमाण. म्हणजे आमच्याकडेही लहान वयात मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. मग मोठ्या वयात या जास्तीच्या स्त्रिया येतात कुठून? काही वाटा म्हातारपणी स्त्रिया अधिक जगतात त्याचा आहे, पण मोठा वाटा तिसऱ्या आकड्यात होता. त्याच वर्षी मुंबई शहराचे लिंगगुणोत्तर 832 होते. स्त्रिया कुठून आलेल्याच नव्हत्या, पुरुष गेले होते. इतकी वर्षे ज्याचा अभिमान बाळगला, तो चाकरमान्यांच्या गैरहजेरीचा हिशेब होता, हे त्या दिवशी कळले आणि थोडी शरमही वाटली. माझे वडील मी चौथीत असल्यापासून भांडुपला राहतात. 1122 मध्ये माझी आई आहे, हे मला कधीच सुचले नव्हते.

लोकसंख्याशास्त्राचे मूळ समीकरण दुसरीतल्या मुलालाही जमेल असे आहे : आधीच्या लोकसंख्येत जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, आलेले मिळवायचे आणि गेलेले वजा करायचे. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसे होती, 2011 मध्ये 16,15,069 उरली. ज्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, त्याच दशकात आमचा जिल्हा 81,708 माणसांनी आटला, आणि सिंधुदुर्गही घटला. साथ नाही, दुष्काळ नाही. समीकरणातले शेवटचे पदच बाकीच्यांना भारी पडले. गिरण्यांच्या काळात पुरुष एकटा जात असे आणि मनीऑर्डर मागे येत असे. आता बिऱ्हाडच जाते, त्यामुळे 2001 मधले 1136 पुढच्या दहा वर्षांत 1122 वर उतरले. हा उतार मुलींच्या बाबतीतला बिघाड म्हणून वाचण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. त्यासाठी 936 पुरेसा आहे, कारण तोही 2001 मध्ये 952 होता.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी आमच्याच वाडीची घरोघर मोजणी केली. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे. वाचताना ही व्याख्या चोख वाटते. वरच्या आळीतल्या आजींच्या ओटीवर बसून मी विचारले, "घरात माणसं किती?" त्या म्हणाल्या, "सात." मागीलदारी शेगडीवर पेजेचे एकच लहान पातेले होते आणि दांडीवर एकच लुगडे वाळत होते. "आजी, जेवायला किती?" "जेवायला गणपतीत येतात की. रेशनकार्डावर हायेत ना सगळे?" मी तक्त्यात 1 लिहिले, आणि त्या डोळे बारीक करून माझ्या पेनाकडे पाहत राहिल्या.

वयाच्या रकान्याने आणखी वेळ खाल्ला. "लिव ऐंशी, बाय. देवाला काय दाखला दाखवायचाय मला?" शेवटी शून्य किंवा पाच असलेली वये लोक अधिक सांगतात, हे या शास्त्राला फार जुने ठाऊक असलेले दुखणे आहे, आणि ते मोजण्यासाठी व्हिपलचा निर्देशांक आहे : वये नीट सांगितली गेली तर 100, सगळ्यांनीच शून्य-पाचावर बोट ठेवले तर 500. त्यावर उपाय म्हणून बाईंनी घटनांची यादी करायला सांगितली होती. मी आजींना कोयनेच्या भूकंपाचे विचारले. "अगो, थोरला पाळण्यात होता. पहाटेचा धक्का, पाळणा आपणहून हलाय लागला." तो दिवस 11 डिसेंबर 1967. लग्न सोळाव्या वर्षी, थोरला त्यानंतर वर्षाने. हिशेब केला तर वय सत्तरीच्या मध्यावर येते. मी ते सांगताच आजी रागावल्या; पाच वर्षे कुणी फुकट काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मी दोन्ही वये लिहिली.

वर्षभरात वाडीत मृत्यू बरेच आणि जन्म एकच झाला होता. ढोबळ मृत्युदर, म्हणजे दर हजार माणसांमागे वर्षभरातले मृत्यू, काढला तेव्हा आमची वाडी मुंबईहून रोगट ठरली, आणि मी तसे लिहूनही टाकले. बाईंनी तो परिच्छेद लाल शाईने काटला : जिथे तरुण उरलेच नाहीत तिथे मृत्युदर फुगणारच, आधी वयोरचना सारखी करून, म्हणजे दोन्हीकडे तरुण-म्हाताऱ्यांचे प्रमाण एकच धरून पाहा. शिवाय इतक्या थोड्या घरांवर दर काढायचाच नसतो. माझे सहा गुण तिथे गेले आणि ते योग्यच गेले.

येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. मोजणी फेब्रुवारीत होईल, शिमग्याला चाकरमानी येण्याच्या आधी. सगळे जमले तर तेव्हा मी पुढील शिक्षणासाठी मुंबईत वसतिगृहात असेन, आणि वसतिगृह हे जनगणनेच्या भाषेत संस्थात्मक कुटुंब असल्यामुळे आईच्या चुलीवर माझी नोंद होणार नाही. हे मी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि रेशनकार्डावरचे माझे नाव कोणी काढायचे नाही, असे बजावले.