कॅरिबियन, स्टॅम्प आणि सासूबाईंचं कालनिर्णय

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून यंदा कुठेतरी फक्त दोघांनीच जायचं असं ठरलं, सासू-सासरे इकडे अमेरिकेत एडिसनला आलेलेच होते त्यामुळे लेकीची काळजी नव्हती. बीच पाहिजे ही माझी अट. नवरा देवगडचा, त्याचं म्हणणं एवढे डॉलर घालवून समुद्रच बघायचा तर आमचं कुणकेश्वर काय वाईट आहे? हे मी पुढचे दोन महिने रोज ऐकलं.

पहिलं नाव अरुबा, कॅरिबियनमधलं बेट. ते पार खाली, व्हेनेझुएलापासून तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे हरिकेन (चक्रीवादळं) सहसा तिकडे फिरकत नाहीत, पाऊसही कमी आणि आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला की वेगळा व्हिसा लागत नाही. हॉटेल बुकसुद्धा केलं, कॅन्सल करता येणारं केलं हे नशीब. कारण त्याच रात्री साडेअकराला झोपता झोपता नवरा म्हणतो, "अगं, पण आपला स्टॅम्प कुठाय?"

झालं. एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (जोडीदाराचा) यांचं एक्स्टेन्शन झालेलं, आय-७९७ म्हणजे त्याच्या मंजुरीचा कागद हातात, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प मागच्याच वर्षी संपलेला. राहायला काही प्रॉब्लेम नाही, बाहेर पडून परत यायला आहे. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांना सूट आहे पण एच-वनवाल्यांना ती कॅरिबियन बेटांसाठी नाही. मग अरुबा गेलं, पुंता काना गेलं, जमैका आणि बार्बाडोसला तर आपल्याला व्हिसाच लागत नाही पण उपयोग काय, आमचा अभिमन्यूच झाला असता, आत शिरता येणार आणि बाहेर पडता येणार नाही.

उरली अमेरिकेचीच बेटं, म्हणजे यूएस व्हर्जिन आयलंड्स आणि पोर्तो रिको. व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट जॉनचे फोटो बघून मी आधी तिकडेच झुकले होते, बेटाचा निम्म्याहून जास्त भाग नॅशनल पार्क, ट्रंक बेला पाण्याखाली पाट्या लावलेली स्नॉर्कलिंगची वाट. पण तिथे एअरपोर्ट नाही, शेजारच्या सेंट थॉमसला उतरून फेरीबोट घ्यायची, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायची आणि स्टिअरिंगही डावीकडेच (नवरा हे वाचून दहा मिनिटं गप्प होता). शिवाय परत येताना तिथल्या एअरपोर्टवर इमिग्रेशनची तपासणी असते. स्टॅम्प नसला तरी कागद बरोबर असले की अडचण येत नाही म्हणतात, पण लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला तेवढं धाडस कशाला? पोर्तो रिकोहून निघताना सामान फक्त शेतीखात्याच्या मशीनमधून जातं. नवऱ्याने तिथेच शिक्का मारला.

आता पोर्तो रिकोत कुठे? कुलेब्रा बेटाचा फ्लेमेन्को बीच की व्हिएकेस बेट. दोन्हीकडे अमेरिकन नेव्ही बॉम्ब टाकायचा सराव करायची, कुलेब्रात १९७५ पर्यंत आणि व्हिएकेसमध्ये २००३ पर्यंत, फ्लेमेन्कोवर तर गंजलेला रणगाडा अजून वाळूत उभा आहे. पण व्हिएकेसला मॉस्किटो बे आहे, रात्री पाणी हलवलं की निळं चमकतं, म्हणून तेच ठरलं. फक्त चांदणं असलं की ती चमक फिकी पडते, त्यामुळे अंधारी रात्र हवी. हरिकेनचा सीझन १ जूनपासून, त्याच्या आत जायचं आणि डिसेंबर ते मध्य एप्रिलचे रेट परवडत नाहीत. म्हणजे एप्रिलअखेर.

आता अमावस्या कधी ते बघायला फोन कशाला, सासूबाईंनी मुंबईहून आणलेलं कालनिर्णय फ्रिजच्या बाजूला टांगलेलंच होतं. मी पान उलटून चैत्र अमावस्येवर बोट ठेवलं तर मागून आवाज, "अमावास्येला प्रवास? तो पण समुद्रावर?" आम्ही अमावस्या बघून मुद्दाम निघतोय हे त्यांना पटवायला नवऱ्याला अर्धा तास लागला. शेवटी एक दिवस आधी निघायचं यावर तडजोड झाली.

नुआर्कहून सान हुआन चार तास. तिथून पुढे सेइबा बंदरातून सुटणारी स्वस्तातली फेरीबोट आम्हाला मिळाली नाही, तिकिटं संपलेली, म्हणून छोट्या विमानाने गेलो. काउंटरवर बॅगांबरोबर आमचंही वजन केलं. माझं आकडा दिसेल असं, सगळ्यांसमोर.

व्हिएकेसला रस्त्यात घोडे मोकळे फिरतात, सन बे बीचवर सकाळी आम्ही आणि तीन घोडे एवढेच होतो. जेवायला भातात हिरवे दाणे आले, गांडूलेस म्हणतात, मी एक चावला आणि ओरडलेच, अरे हे तर तुरीचे दाणे! (शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्या भातात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं.)

रात्री कयाकमधून गेलो. पाण्यात उतरायला बंदी आहे पण वल्हं मारलं की निळा भोवरा उठतो, मी हात बुडवून वर काढला तर बोटांवरून ठिणग्या ओघळत होत्या. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "आमच्या देवगडला पण थंडीत कधी कधी लाटा अशाच चमकतात हां."

परत येताना आय-७९७ची प्लास्टिकची फाइल कुणी उघडायलाही सांगितली नाही.