खोगीर घोड्याच्या पाठीवरून ठरावे

घोडा पाहताना आपली नजर त्याच्या रंगावर, उंचीवर आणि चालीवर जाते. पाठीवर कसले खोगीर घातले आहे याकडे सहसा कोणी पाहत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या टेबल लँडवर आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी, पर्यटकांना रपेट घडवणारी घोडी दिवसभर खोगीर वागवतात. त्या खोगिरांचा विचार मी गंभीरपणे करू लागलो तो माझ्या पुतण्यामुळे. तो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये गुरांच्या एका विस्तीर्ण फार्मवर कामाला आहे. अशा फार्मला तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात, आणि हे कळेपर्यंत आमच्या घरातील वडीलधारी मंडळी तो रेल्वेत लागला आहे असे समजत होती.

त्याच्या बोलण्यात आता तिकडचे शब्द सहज येतात. कामातली चहाची सुट्टी म्हणजे ‘स्मोको’, दुपार म्हणजे ‘आर्व्हो’, जेवण म्हणजे ‘टकर’, अंगमेहनत म्हणजे ‘यॅका’. यातला शेवटचा शब्द ब्रिस्बेन परिसरातील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला आहे. स्टेशनवर काम शिकणारा तरुण ‘जॅकरू’, मुलगी असेल तर ‘जिलरू’, गुरे राखण्यात मुरलेला गडी ‘रिंगर’ आणि रानात मोकाट वाढलेला घोडा ‘ब्रम्बी’. ही बोली केवळ गंमत म्हणून ऐकण्यासारखी नाही, असे माझे मत आहे. घोड्यावर बसून काम करणाऱ्या माणसांना काय सोसावे लागते, ते या शब्दांतून कळते. घोडा पुढचे पाय रोवून, मान खाली घालून मागून दुगाण्या झाडतो त्याला ते ‘पिगरूट’ म्हणतात. पाठीची कमान करून उसळ्या मारत स्वाराला फेकून देणारा घोडा ‘बकजम्पर’. एकदा मी विचारले, “अरे, इतका वेळ बसवतं तरी कसं?” त्यावर तो म्हणाला, “काका, सकाळी मांड टाकली की स्मोकोलाच उतरायचं. खोगीर बरं असलं तर माणूस टिकतो आणि घोडाही टिकतो.”

ऑस्ट्रेलियाचे ‘स्टॉक सॅडल’, म्हणजे गुराख्यांचे खोगीर, याच गरजेतून घडले. मूळ इंग्रजी खोगीर सपाट आणि आटोपशीर. शिकारीच्या मागे कुंपणे ओलांडत धावण्यासाठी ते पुरेसे होते. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी तेच ऑस्ट्रेलियात नेले, पण दिवसदिवस गुरांमागे, झाडाझुडपांतून आणि उताराच्या जमिनीवरून फिरताना त्यावर मांड टिकेना. म्हणून बैठक खोल झाली, मागचा उठाव उंच झाला आणि पुढे दोन्ही बाजूंना मांडीच्या वर टेकणारे भक्कम उंचवटे आले. घोडा पिगरूट करू लागला की स्वाराच्या मांड्या या उंचवट्यांखाली अडकतात आणि तो पुढे फेकला जात नाही. काही खोगिरांना हे उंचवटे नसतात; त्यांना तिकडे ‘पोली’ म्हणतात, कारण बिनशिंगाच्या गाईलाही तोच शब्द आहे.

अमेरिकेच्या वेस्टर्न खोगिराशी याची तुलना केली तर कामाचा फरक स्पष्ट होतो. वेस्टर्न खोगिराला पुढे एक खुंटा असतो. वासराच्या गळ्यात फास टाकल्यावर दोराचे वेढे त्या खुंट्याला द्यायचे, म्हणजे ओढ घोड्याच्या साऱ्या अंगावर येते. तो ताण सोसण्यासाठी आतील सांगाडा दणकट करावा लागतो आणि खोगिराचे वजन १५ ते २० किलोपर्यंत जाते. ऑस्ट्रेलियन गुराखी मात्र चाबूक, कुत्री आणि घोड्याची चपळाई यांवर काम भागवतो. ‘कॅम्पड्राफ्ट’ या त्यांच्या खेळात स्वार कळपातून एक जनावर वेगळे काढतो आणि त्याला मैदानात रोवलेल्या खुंट्यांभोवती वळवत नेतो. तिथे घोडा क्षणात उलटा फिरतो, म्हणून खोगीर हलके आणि स्वाराला धरून ठेवणारे असावे लागते.

इतर प्रकारांचीही तीच गोष्ट आहे. शर्यतीचे खोगीर एक किलोहूनही हलके असू शकते, कारण जॉकी त्यावर जवळजवळ बसतच नाही. ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ; त्याचे खोगीर खोल असते आणि दोन्ही बाजूंना लोंबणारे चामडी पदर लांब, सरळ असतात, कारण तिथे पाय खाली सोडून घोड्याला इशारे द्यायचे असतात. उडीच्या खोगिराचे पदर पुढे झुकलेले असतात. फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन घोडदळाच्या अधिकाऱ्याने उडी मारताना स्वाराने मागे रेलण्याऐवजी पुढे झुकावे ही पद्धत रूढ केली आणि खोगिराचा आकार त्यामागोमाग बदलला.

घोडदळाचे खोगीर निराळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सवरून नाव पडलेले ‘वेलर’ घोडे एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेसाठी जहाजांतून इकडे आणले जात. पहिल्या महायुद्धात हेच घोडे ‘ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्स’ या घोडेस्वार फौजेकडे होते आणि ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी आजच्या इस्रायलमधील बीरशेबाच्या धडकेत ते धावले. स्वार, शस्त्रे, पाणी आणि दाणा मिळून सुमारे १३० किलो भार ते वाहत. एवढा भार एका जागी पडू नये म्हणून लष्करी खोगिराच्या सांगाड्याला पाठीच्या दोन्ही अंगांना लांब फळ्या असत. युद्धासाठी परदेशी पाठवलेल्या १ लाख ३० हजारांहून अधिक घोड्यांपैकी सँडी नावाचा एकच घोडा मायदेशी परतला, हे वाचताना मला फार वाईट वाटते.

आता पाचगणीकडे येतो. आपली तट्टे लहान, पाठीने आखूड आणि पोटाने गोल असतात. दोन खांद्यांमधला उंचवटाही बेताचाच असतो. त्यांच्यावर मोठ्या घोड्यासाठी बनवलेले जुने खोगीर चढवले की ते उतारावर मानेकडे घसरते. मग घोडेवाला तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आणखी आवळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हाती असते त्याच सामानावर त्याला पोट भरायचे असते. एका ओळखीच्या घोडेवाल्याने रपेट संपल्यावर माझ्यासमोर खोगीर उतरवले. तांबड्या घोडीची पाठ घामाने काळपट ओली झाली होती, पण खांद्यामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढा भाग कोरडा राहिला होता आणि त्यातच पांढऱ्या केसांचे ठिपके होते. दाब फार पडला की त्या जागी घाम फुटत नाही, आणि कातडीला इजा झाली की पुढे तिथे पांढरे केस उगवतात. मी पुतण्याला फोटो पाठवला. त्याने लगेच विचारले, “काका, दुमची आहे का?”

दुमची आपल्याकडे नवी नाही. खोगिराच्या मागून निघून शेपटीच्या मुळाशी अडकवायचा तो पट्टा. स्टॉक सॅडलला उतारावर हीच दुमची लावतात. शेपटीखाली जाणारा भाग जाड, गुळगुळीत आणि मऊ हवा, नाहीतर तिथे जखम होते. जुन्या पद्धतीच्या दुमचीत जवस भरत असत, कारण त्याच्या तेलाने चामडे आतून नरम राहते. जवस तर आपल्याकडे पिकतेच. दुमची लावली की तंग कचकचून आवळावा लागत नाही, आणि घोडी श्वास मोकळा घेते.

मात्र मूळ खोगीरच बसत नसेल तर दुमचीने भागत नाही. खोगिराच्या खालच्या दोन गाद्यांमध्ये पन्हळीसारखी मोकळी जागा असावी आणि खोगीर पाठीच्या कण्याला कुठेही लागू नये. स्वार बसल्यावर पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटे सहज जावीत. खोगीर खांद्याच्या हाडाच्या मागे बसावे आणि शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपावे. आखूड पाठीच्या तट्टाला हे शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच बहुतेक वेळा चुकते.

माप घेणे अवघड नाही. वाकवली तशी राहणारी जाड तार खांद्याच्या मागे पाठीवर आडवी दाबायची आणि तिचा आकार कागदावर उतरवून घ्यायचा. मग तळहाताएवढ्या अंतराने मागे सरकत असेच आणखी आकार काढायचे. त्या तांबड्या घोडीचे असे कागद आम्ही तयार केले आहेत. खोगिरांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेल्या कानपुरात मापाप्रमाणे सांगाडा घडवून देणारे कारागीर आहेत. हे कागद त्यांच्याकडे पाठवायचे ठरले आहे. तोवर त्या घोडेवाल्याने जुन्या खोगिराखाली जाड नमदा, म्हणजे लोकरीची घडी, घालायला आणि दर रपेटीनंतर तंग सैल करायला सुरुवात केली आहे.