वयाइतके किलोमीटर

वाढदिवसाला वयाइतके किलोमीटर सायकल चालवायची, हे खूळ पंचावन्नाव्या वर्षी माझ्या डोक्यात शिरलं. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची गिअरची सायकल आमच्या कोथरूडच्या बाल्कनीत धूळ खात पडली, तिथून सुरुवात. कॉलेजात होते तेव्हा, १९७६ च्या सुमारास, पुण्यात सायकल चालवणं हा छंद वगैरे नव्हता. निऱ्या खोचायच्या, लेडीज सायकलला टांग मारायची नि निघायचं. मधली तीस-पस्तीस वर्षं बँक, संसार आणि स्कूटर यांत गेली. तरी पहिले ५५ किलोमीटर सहज झाले. या हिशेबातली मेख मात्र उशिरा कळली. आकडा दरवर्षी एकाने वाढतो, पाय वाढत नाहीत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी एक २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. साडेतेरा तासांची मुदत, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के, जाताना खंबाटकी घाट. मला तेरा तास दहा मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांच्या जोरावर मी दोन वर्षं फुशारक्या मारल्या. पुढचं लक्ष्य अर्थातच ३००, वीस तासांत. मग ४००. तेव्हा लक्ष्य म्हणजे चढती भाजणी, एवढंच डोक्यात होतं.

ती भाजणी मोडली चौसष्टाव्या वर्षी, तीही एका सिग्नलला, उभ्या उभ्या. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घेतले होते. दिवा लाल झाला, मी थांबले, बूट वेळेवर सुटला नाही आणि सायकलसकट आडवी झाले. वेग शून्य, मनगट मोडलेलं. मागच्या रिक्षावाल्याने उचललं आणि विचारलं, ‘काकू, पाय बांधून कशाला चालवता?’ आजवर याचं पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला लावली. मणक्याचा टी-स्कोअर आला उणे २.६. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मी जवळजवळ भांडायलाच उठले. ‘अहो, मी वर्षाला चार हजार किलोमीटर सायकल चालवते!’ ते शांतपणे म्हणाले, ‘गुडघ्यांना ते छानच आहे. पण तुमचा भार सायकल उचलते, हाडांना कुठे उचलावा लागतो?’ हाडांवर वजन पडल्याशिवाय ती घट्ट राहत नाहीत, आणि पाळी गेल्यावर बाईची हाडं आणखी वेगाने झिजतात. दहा वर्षं ज्याला सर्वांगाचा व्यायाम समजत होते, त्यात हाडांचा वाटा नव्हताच. औषधं सुरू झाली, त्यांच्या जोडीला चालणं आणि डंबेल्स.

तीन महिने सायकल बंद होती. तेव्हा डायरी काढून बसले आणि जुनी लक्ष्यं एकेक करून वाचली. सगळी घड्याळाशी बांधलेली होती. ज्या लक्ष्याला मी दरवर्षी थोडी थोडी हरणारच, ते कशाला ठेवायचं? त्याच सुमारास फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शां यांच्याबद्दल वाचलं. १०२ व्या वर्षी त्यांनी तासाभरात २६.९२७ किलोमीटर काटले. २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, २२.५४७. म्हणजे वेग उतरलाच की! तरीही तो विक्रम ठरला, कारण १०५ च्या पुढच्यांसाठी नवा गटच करावा लागला. मला फार बरं वाटलं. मीही माझ्यापुरता नवा गट करून टाकला.

आता डायरीत किलोमीटर नाहीत, दिवस आहेत. आठवड्यात तीन दिवस सायकल, दोन दिवस वजनं, आणि खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं. उठण्याचं प्रकरण खंबाटकीपेक्षा अवघड निघालं. सायकलिंगनंतर दुसऱ्या दिवशी जिना कठड्याला न धरता उतरता आला, तर ते सायकलिंग योग्य होतं. नाही आला, तर पुढचं कमी. चढावर मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके बघणं सोडलं. सतराचा पाढा न धापता म्हणता आला की वेग बरोबर. ‘सतरा साती’ला अडखळले की गिअर उतरवते. (एकदा बाजूने जाणारा मुलगा ‘एकशे एकोणीस’ म्हणून पुढे गेला.)

सायकलही बदलली. क्लीट गेले, साधी रुंद पेडलं आली. मागच्या चाकाचं सर्वांत मोठं दातेरी चक्र २८ दात्यांचं होतं, ते ३४ चं बसवलं. मेकॅनिक म्हणाला, ‘काकू, पायात नसेल ते गिअरमध्ये घ्यायचं.’ पूर्वी जड गिअर रेटायचे, आता हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवते, त्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. मान पूर्ण वळत नाही म्हणून हँडलला आरसा लावला. टायर २५ मिलिमीटर रुंदीचे होते, ते ३२ चे केले आणि हवा कमी ठेवली.

सगळ्यांत मोठा शोध चष्म्याचा. माझा प्रोग्रेसिव्ह. त्याचा खालचा भाग वाचायचा, आणि रस्त्यावरचे खड्डे नेमके त्याच भागात येतात. दोन वर्षं मी पुण्याचे खड्डे धूसर बघत होते आणि दोष वयाला देत होते. आता सायकलसाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा आहे. किंमत गिअरपेक्षा कमी, उपयोग दुप्पट. अंधारातलं सायकलिंग मात्र सोडलं. समोरचे हेडलाइट डोळ्यांत पसरतात. म्हणजे ३०० ची ब्रेव्हे कायमची गेली. त्याची रुखरुख आहे, ती लपवत नाही.

वयाइतके किलोमीटर तेवढे सोडवले नाहीत. फक्त ते एका दमात करायची अट काढली. यंदा ६७. सकाळी पानशेतच्या रस्त्याने जाऊन-येऊन ४४. वाटेत खडकवासल्याला कांदाभजी, तीही निवांत बसून. घरी येऊन जेवले आणि चक्क दोन तास झोपले. उरलेले २३ संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दिवेलागणीच्या आत.

सोसायटीच्या गेटपाशी पोहोचले तेव्हा मीटरवर ६६.४ होते. तशीच आवारात वळले आणि पार्किंगभोवती फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या फेरीला वॉचमन खुर्चीतून उठला.

‘आजी, काही हरवलंय का?’

‘सहाशे मीटर,’ मी म्हटलं. ‘सापडतील आता.’